वाईनगरीत आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष, मध्ययुगीन इंग्रजी काव्याचे अभ्यासक आणि विद्यार्थी मित्रहो,

कृष्णाकाठच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आपण पाहालच. सवड काढून मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडाही पाहावा. पण वाईचे खरे वैभव म्हणजे प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, अर्थात केवलानंद सरस्वती, यांनी ती उभारली. धर्मकोशाचे प्रचंड काम तिथे झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच घडले. पुढे मराठी विश्वकोशाचा संसारही तर्कतीर्थांनी याच गावात थाटला.

परिषदेचा विषय आहे प्रेम, विवाह आणि स्त्रीदाक्षिण्य. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्य आमच्या तर्कतीर्थांनी केले. वडीलधाऱ्यांनी थांबायला सांगितले म्हणून दोघे काही वर्षे थांबले होते. चॉसरच्या पक्ष्यांच्या सभेतली गरुडीही वर्षभराची मुदत मागून घेते. ‘सर ऑर्फिओ’मधला राजा दहा वर्षे रानात काढतो आणि हरपलेली राणी तलवारीने नव्हे, वीणेसारखे वाद्य छेडून परत मिळवतो. ‘फ्रँकलिन्स टेल’मधला नाइट आर्व्हेरेगस डोरिगेनला वचन देतो की तिच्या मनाविरुद्ध हुकमत गाजवणार नाही. प्रेमात धीर हवा आणि लग्नाला दोघांचे मन हवे, हे ज्या गावाच्या शास्त्र्याने कृतीने दाखवले, तिथे ही परिषद भरते याचा मला अभिमान आहे.

मंडळी, आमचे गाव लहान. सर्वांची उतरण्याची सोय एका ठिकाणी करता आली नाही, काहींना पाहुणचार घरोघरी घ्यावा लागेल. गरम पाण्याला सकाळी उशीर होईल, सभागृहात मागच्या रांगांना आवाज कमी पोहोचेल. याबद्दल समितीच्या वतीने क्षमा मागतो. जे उणे वाटेल ते हक्काने सांगावे.

मंगल कार्यालय विनामूल्य देणारे मालक, धान्य पोहोचवणारे व्यापारी, दोन्ही वेळच्या स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, आपली घरे पाहुण्यांसाठी उघडणारी कुटुंबे, रात्री जागून मांडव घालणारी तरुण मंडळी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते, या सर्वांचे ऋण मोठे आहे.

आपल्या चर्चा रंगोत, परिषदेला सुयश लाभो.