दोन मुलखांमधली सुटी



आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे झाले ते सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून विद्वत्तेची अपेक्षा न धरता आपण आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत. पगार, बोनस आणि बडतर्फी यांवर बोलण्यात आमचा जन्म गेला. आज मात्र बोलायचे आहे ते सुटीवर.

सुटी ही कामगाराला कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. मुंबईच्या गिरणीत पूर्वी आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगार एकत्र केले, सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. म्हणजे त्या माणसांनी नुसता आराम मागितला नाही; स्वतःच्या देवाचा आणि स्वतःच्या माणसांचा एक दिवस मागितला. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण आमचे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे.

आता ज्याचे काम एका देशात आणि घर दुसऱ्या देशात, त्याच्या सुटीचे काय होते? याचा जुना दाखला आपल्या शेजारचाच आहे. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते तेव्हा गोव्याचा माणूस पोटासाठी मुंबईत येई. कोणी आगबोटीवर खानसामा होई, कोणी बँडात वाजवी, कोणी स्वयंपाकी होई. गाव एका राज्यात, रोजी दुसऱ्या राज्यात. या लोकांनी धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गावागावांचे क्लब काढले. त्याला ते ‘कूड’ म्हणत; कूड म्हणजे खोली. महिन्याची थोडी वर्गणी, भिंतीशी प्रत्येकाची एक पेटी, रात्री जमिनीवर पथारी. कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, मग पत्ते नि गप्पा. नियम मोडला तर दंड. गावाला जाणे जमले नाही तर गावचे फेस्त तिथेच साजरे करायचे. जहाजावरून उतरलेल्या माणसाला दुसरे काम मिळेपर्यंत तीच खोली आधार देई.

या परक्या मुलखातल्या फुरसतीतून काय निपजले पाहा. गोव्याच्या कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग गोव्यात झाला नाही. 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ झाला, आणि तीच तियात्राची जन्मतिथी. गोव्याच्या हिंदूंनी 1919 साली मुंबईत ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ काढली. आपल्या नाशिकचे वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आणले ते याच संस्थेने. म्हणजे घर सोडून आलेल्यांनी वर्गणी काढून जे उभे केले, त्याचा लाभ नाशिककराच्या लेखणीलाही झाला.

मधल्या काळात त्यांचे हाल झाले नाहीत असे नाही. 1955 च्या सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली, घरी जाणे आणि पैसे पाठवणे दुरापास्त झाले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तोवर कित्येकांना गाव दिसले नाही. धोबीतलावाच्या जेर महाल इमारतीत त्या क्लबांपैकी काही आजही तग धरून आहेत.

आता आपल्या दारातली गोष्ट सांगतो, आणि तीत आमचाही दोष आहे.

सातपूरचा एक वेल्डर. कारखान्याला टाळे लागले, घरी कर्ज, तेव्हा दुबईच्या कामाचा करारनामा घेऊन तो आमच्याकडे आला. “भाऊ, एवढं वाचून द्या.” आम्ही पगार वाचला, जादा कामाचा दर वाचला, परतीचे तिकीट वाचले आणि “जा बाबा” म्हणून सांगितले. आठवड्याची सुटी कोणती, राहायची जागा कोणाच्या ताब्यात, तिथे नियम कोणाचे, हे आम्ही पाहिलेच नाही. आयुष्यभर सुटीसाठी भांडणारे आम्ही, आणि ते कलम आम्हाला दिसले नाही.

तो दोन वर्षांनी चाळीस दिवसांच्या रजेवर आला. म्हणाला, काम संपवून, बसने मुक्कामी येऊन, रांगेत अंघोळ उरकून फोन हाती घ्यावा तर तिथे आठ वाजलेले असतात. नाशिक दीड तासाने पुढे. इथे साडेनऊ, आणि लेक झोपलेली. दोन वर्षे त्याने मुलीचा आवाज ऐकला तो बहुतेक सुटीच्या दिवशी. बरे, ही चाळीस दिवसांची रजा तरी सुखाची गेली का? बहिणीचे लग्न, घराचे पत्रे, वडिलांचे मोतीबिंदू, कचेरीतले दाखले. एक दिवस रिकामा नाही. निघताना तो बोलला ते आमच्या मनातून जात नाही : “तिथं सुटीत घराची वाट पाहतो, आणि इथं घरी बसून दिवस मोजतो.”

संयुक्त अरब अमिरातीत भर उन्हाळ्यात, 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते. ही चांगली गोष्ट आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण तिथे कामगारसंघटनेला मुभा नाही. विसावा मिळतो तो वरून दिलेला. तो कसा घालवायचा हे मिळून ठरवायला जागा नाही.

तरी माणूस हरत नाही. त्या वेल्डरने आम्हाला एक वही दाखवली. खोलीत बारा जण : आपल्याकडचे दोघे, बाकी बिहारी, तेलुगू, नेपाळी. वहीत स्वयंपाकाच्या पाळ्या, महिन्याची वर्गणी, त्यातून घेतलेला कॅरम. एके ठिकाणी लिहिले होते : नेपाळी भावाचे वडील वारले, तिकिटासाठी प्रत्येकी इतके. आम्ही ती वही कितीदा तरी उलटली. धोबीतलावचे नाव त्या पोराने ऐकले नव्हते, लोखंडे त्याला ठाऊक नव्हते. पण त्याने केले तेच, जे या सर्वांनी केले. संघटना म्हणतात ती याहून वेगळी नसते.

बंधुभगिनींनो, आपल्या आळीतून कोणी ना कोणी परमुलखात गेलेला असेल. आता आम्ही करारनामा वाचतो तेव्हा सुटीचे आणि राहण्याचे कलम पहिल्याने वाचतो, आपणही वाचावे. त्याच्या घरच्यांनी पैसे पोचले का एवढेच विचारू नये, सुटीच्या दिवशी काय केलेस हेही विचारावे. आणि तो रजेवर आला की कामांच्या यादीतून एक दिवस त्याच्यासाठी वगळून ठेवावा. त्या दिवशी त्याला लग्न नको, दाखला नको. लेकीचा हात धरून त्याने या गोदाकाठी नुसते बसावे.

तो दिवस त्याच्या हक्काचा आहे.