काविळीची लस आणि संधिवाताचे मूल

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ उसळली. यमुनेचा प्रवाह बदलला, नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी वझिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले, आणि काही आठवड्यांत सुमारे २९,३०० माणसे पिवळी पडली. पाणी उकळून प्यायले की काविळीचे भय सरले, हा समज आजही अनेक घरांत आढळतो, आणि त्या प्रकारच्या काविळीपुरता तो खराही आहे. पण 'ब' प्रकारच्या काविळीशी पाण्याचा काही संबंध नाही. ती रक्तातून, दूषित सुईतून, आणि मुख्यतः प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे येते. जन्मतःच ती जडली, तर दहांतील नऊ बालकांच्या यकृतात कायमची घर करते.

संधिवात झालेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. संधिवात हा वृद्धांचा रोग, असे आपण धरून चालतो. म्हणून सकाळी लंगडत उठणारे पाच वर्षांचे मूल पुष्कळ दिवस पडल्याझडल्याच्या खाती जमा होते. वस्तुतः सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून अधिक टिकणारा बालसंधिवात हा स्वतंत्र विकार आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, आणि मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा त्यांहून नवी इंजेक्शने देऊन तिला आवर घालावा लागतो. पण यकृतात दबून बसलेल्या विषाणूवर पहारा असतो तोही याच शक्तीचा. पहारा ढिला झाला की विषाणू उठतो. म्हणून ही जोरकस औषधे सुरू करण्यापूर्वी डॉक्टर रक्त तपासून घेतात.

मग लस टोचावी की नाही? लशीने सांधे पुन्हा सुजतील, या धास्तीने पुष्कळ आईबाप ती पुढे ढकलतात. या लशीत जिवंत विषाणू मुळीच नसतो. त्याच्या बाह्यावरणातील एकच प्रथिन यीस्टमध्ये तयार केलेले असते. त्यामुळे औषधे चालू असतानाही ती देता येते. (गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लशींची गोष्ट निराळी; त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत.) तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा बहुतेक सर्व मुलांत प्रतिपिंडे तयार झाली, आणि लशीमुळे संधिवात बळावला नाही. तथापि २०१३ मध्ये ग्रीसमधून आलेला अनुभव सावध करणारा आहे. तान्हेपणी लस घेतलेल्या, पण पुढे संधिवात झालेल्या मुलांत संरक्षक प्रतिपिंडे निरोगी मुलांपेक्षा बरीच कमी आढळली. तेव्हा लस 'झाली आहे' एवढ्यावर न थांबता रक्तातील प्रमाण मोजावे, आणि कमी भरल्यास जादा मात्रा द्यावी, हे शहाणपणाचे.

भारतात ही लस २००२ च्या सुमारास निवडक भागांत आली आणि २०११ पासून देशभर पसरली. जन्मानंतर चोवीस तासांत पहिली मात्रा, पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात उरलेल्या, असा क्रम आहे. घरी बाळंतपण झाले की पहिली मात्राच बहुधा हुकते. बदलीच्या नोकरीत गाव सोडून दिल्लीला आलेल्या कुटुंबांत तर लसीकरणाचे कार्ड आजोळच्या ट्रंकेत राहिलेले असते. ते मागवून घ्यावे. मिळालेच नाही, तर डॉक्टर रक्त तपासतात किंवा सर्व मात्रा नव्याने देतात; आधी घेतलेल्या असल्या, तरी त्याने अपाय होत नाही.