पाप कुणाच्या पदरात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला होता काटकसरीचा. पण गेल्या महिन्यात भजन संपल्यावर एकीने हळूच विचारले, "पिशवी साफ करून घेतली तर पाप लागतं का हो?" आणि सगळ्या गप्प झाल्या. कुणी टाळ गोळा करू लागली, कुणी चपला शोधू लागली. काटकसर पुढच्या वर्षी सांगेन. आज त्या प्रश्नावर बोलते.

मी सातवी शिकलेली बाई, शास्त्र सांगायचा मला अधिकार नाही. म्हणून शेजारच्या निवृत्त संस्कृत मास्तरांकडे चार दुपारी जाऊन बसले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. गर्भ पाडणे हे स्मृतींनी महापाप मानले आहे. पराशरस्मृतीत ते ब्रह्महत्येच्या दुप्पट म्हटले आहे. ज्या गोष्टींनी स्त्री पतित होते त्यांत याज्ञवल्क्यांनी गर्भपातन घातले आहे. हे मी लपवीत नाही.

पण मास्तरांनी पुढे जे सांगितले ते कीर्तनात आपल्या कानी येत नाही. सुश्रुतसंहितेत अडलेल्या बाळंतिणीविषयी लिहिले आहे. गर्भ जिवंत असेल तर त्याला शस्त्र लावू नये असे वैद्याला बजावले आहे. तो मेला असेल तर मात्र क्षणभरही थांबू नये, कारण तो आईला मारील. होईल तो प्रयत्न करून बाईला जपावे. गर्भात जीव केव्हा येतो यावरही एकमत नाही. गर्भोपनिषद सातव्या महिन्यात म्हणते. मागच्या गल्लीतल्या मुसलमान बहिणीला विचारले, तर त्यांच्यात १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असे मानतात, आणि आईच्या जिवावर बेतले तर आई आधी. कॅथलिक लोक पहिल्या क्षणापासूनच जीव मानतात. आणखी एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. विदुषी मुलगी व्हावी अशी इच्छा असेल तर नवराबायकोने तीळभात तुपात कालवून खावा, असे बृहदारण्यक उपनिषदात दिले आहे. पुंसवन सगळ्यांना ठाऊक. हा तीळभात आपल्यापैकी कुणी खाल्ला आहे?

आता पोथ्यापुराणांत पाहू. उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र टाकले अश्वत्थाम्याने. दितीच्या पोटात शिरून गर्भाचे तुकडे केले इंद्राने. देवकीची पोरे आपटली कंसाने, आणि शेवटची तर मुलगी होती. यांत एक तरी आई आहे का? कृष्णाने शाप दिला तो अश्वत्थाम्याला, उत्तरेला नव्हे. आपल्या गल्लीत मात्र शब्द निघाला की बोट वळते ते बाईकडेच. बाईला दवाखान्यात नेले कुणी, पैसे भरले कुणी, रात्रीची जीप ठरवली कुणी, हे कुणी विचारीत नाही.

ही काही आजची रीत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी विधवेला दिवस गेले की ती विहीर जवळ करी, नाहीतर गर्भ पाडी, नाहीतर झालेल्या मुलाच्या गळ्याला नख लावी. पापीण ती, ज्याचे मूल तो नामानिराळा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशा बायांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवावे, अशी सोय केली. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरातही प्रार्थना समाजाने १८७५ साली असेच गृह काढले. विठोबाच्या गावात त्याची गरज पडली, यावरून काय ते समजा. या माणसांनी पापाचे व्याख्यान दिले नाही. खोली दिली, खाट दिली.

तुम्ही म्हणाल, तो काळ गेला. मग आपल्या दोन बाजूंच्या दोन गोष्टी सांगते.

दक्षिणेला बेळगाव. तिथली सविता हलप्पनवार दातांची डॉक्टर होती आणि नवऱ्याबरोबर आयर्लंडात गॉलवे येथे राहत होती. वय ३१. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतरावा आठवडा असताना तिचा गर्भ गळू लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनाही दिसत होते. तिने मोकळे करा म्हणून विनवले. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि तिथल्या कायद्याने हात बांधलेले. हा कॅथलिक देश आहे, असे तिला एका सुईणीने सांगितल्याचे चौकशीत पुढे आले. विष अंगभर पसरले आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. मूलही नाही, आईही नाही. ती त्यांच्या धर्माची नव्हती, तरी त्यांच्या धर्माचा नियम तिला लागला. तिथले लोक हळहळले, आणि २५ मे २०१८ च्या मतदानात शंभरातल्या सहासष्ट जणांनी तो नियम काढून टाकला.

पूर्वेला म्हैसाळ, मिरज तालुक्यातले. इथे धर्माचा नियम आडवा आला नाही. २०१७ च्या मार्चमध्ये चोरून गर्भपात करताना एक तरुण बाई दगावली, आणि मग पोलिसांनी गावाजवळ खणले तेव्हा पुरलेले १९ गर्भ सापडले. देवळे तिथेही आहेत, सप्ताह तिथेही होतात. आणि म्हैसाळला नावे ठेवायला आपण कोण? २००१ च्या खानेसुमारीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. २०११ ला ८६३ झाल्या. नवरात्रात कुमारिका जेवायला घालायला आपण या दारातून त्या दारात मुली शोधत हिंडतो, त्या का मिळत नाहीत ते या आकड्यांत आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांच्या आधी कायदा केला, तरी ही गत.

बेळगावच्या मुलीला नको म्हणाले आणि ती मेली. म्हैसाळच्या बाईला हो म्हणाले आणि तीही मेली. मला विचाराल तर दोन्हीकडे चूक एकच. ठरवणारा दुसराच कुणीतरी होता.

माझ्या माहितीतली एक बाई आहे. गाव सांगत नाही. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेले. सासू आणि थोरले दीर म्हणाले, "तपासून या." सीमेपलीकडे नेले, परत आणले. चौथ्या दिवशी ती भांगलायला रानात गेली. पुढे पाच वर्षे दिवस राहिले नाहीत, तेव्हा त्याच सासूने सांगितले की घराला भ्रूणहत्येचा दोष लागला आहे. मग त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी केला. खर्चासाठी कर्ज काढले आणि तिच्या गळ्यातले मोडले. आणि अजून घरात सत्यनारायण असला की प्रसाद करायला तिला हात लावू देत नाहीत. ती मला म्हणाली, "वैनी, मी नको म्हणत होते. देवाला तरी ते ऐकू गेलं असंल का?" मी काय उत्तर देणार? तिचा हात हातात घेऊन बसले.

मी असे म्हणत नाही की गर्भ पाडणे म्हणजे नख काढणे. जिला करावे लागते ती बाई कधी विसरत नाही. पोटात मुलगी आहे म्हणून पाडणे हा अधर्मच, त्यात मला शंका नाही. आईचा जीव धोक्यात असताना तो वाचवणे हा धर्म, त्यातही नाही. पण या दोहोंच्या मधे पुष्कळ बाया आहेत. चार बाळंतपणांनी खंगलेली, फसवली गेलेली पोर, जबरदस्ती झालेली. त्यांचा न्याय करायला मी बसणार नाही, आणि भजनी मंडळानेही बसू नये. १९७१ च्या कायद्याने कारणे आणि मुदत ठरवून वाट ठेवली आहे, आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते असे सांगितले आहे. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगते. एखादी घाबरी होऊन आली तर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जावे. चोरवाटेने जाऊ देऊ नये. आणि तिला नेऊन आणलेच कुणी, तर हळदीकुंकवाला तिला आधी बोलवावे.

शेवटी एक सूचना आहे, ती अध्यक्षीणबाईंना सांगून मांडते. पुढच्या महिन्यात आपल्या गल्लीत दोन डोहाळजेवणे आहेत. आपण दोन वाट्या झाकून ठेवतो. पेढा निघाला की टाळ्या, बर्फी निघाली की "असू दे, लक्ष्मी आली" असे उसने हसणे. ते हसू गर्भारशीला कळते हो! यंदा एकतर हा खेळ ठेवू नये, नाहीतर दोन्ही वाट्यांत तिला आवडेल तेच ठेवावे. एकीला खारी बुंदी आवडते असे समजले आहे. ओटी भरताना "पुत्रवती हो" ऐवजी "सुखरूप सूट" म्हणावे, असेही मला वाटते. जुन्या बायांची हरकत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावी. चहा यायला अजून वेळ आहे.