पहिले पान

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातली एक ट्रंक रद्दीवाल्याकडे निघाली होती. तळाशी वडिलांची पुस्तके होती. बहुतेकांची पहिली पाने वाळवीने खाल्लेली. कोणी छापले, कुठे, कोणत्या साली, काहीच कळेना. पुस्तक हातात होते, पण त्याचा पत्ता हरवला होता. तेव्हा मला अ. का. प्रियोळकर आठवले.

अनंत काकबा प्रियोळकरांचा जन्म १८९५ साली गोव्यातल्या प्रियोळचा. धारवाडला बी. ए. झाले आणि मुंबई महापालिकेत नोकरीला लागले. नोकरी सांभाळून जुन्या पोथ्या, जुने ग्रंथ धुंडाळीत राहिले. पुढे १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळाचे संचालक झाले. १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पदवी माझ्याइतकीच, काम मात्र केवढे!

१५५६ साली गोव्यात छापखाना आला. निघाला होता ॲबिसिनियाला, राहिला इथेच. त्याला चारशे वर्षे झाली, त्या निमित्ताने प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या इतिहासातली एक गोष्ट मनाला लागते. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू. त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. छापलेले हरवले, हस्तलिखितांनी ग्रंथ तारला!

आमच्या घरात दखनी बोलतात. मला कविता सुचते ती मराठीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ याच भाषेत लिहिला. म्हणून स्टीफन्स मला परके वाटत नाहीत. पण मराठीच्या अंगणात कोण कोण येऊन गेले, हे सांगणार कोण? जुन्या ग्रंथांची पाने जपणारा, ती जुळवून पाहणारा माणूसच. त्याचे नाव कुणाच्या तोंडी नसते.

प्रियोळकर १९७३ साली गेले. आमची ट्रंक मी परत माळ्यावर ठेवली. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घातली: हे कुणाचे, कुठून आले, आठवेल तेवढे. तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. रद्दीच्या काट्यावर चढवण्याआधी तिच्यातले पहिले पान एकदा पाहा. जवळच्या वाचनालयात दाखवा. वजनात ते पान काहीच भरत नाही.