वस्त्र, स्मरण आणि ‘स्व’
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



‘मी कोण?’ हा प्रश्न तत्त्वज्ञांचा मानला जातो. परंतु वेश पालटून तो प्रत्येक घरात येत असतो. व्यापार बुडालेला माणूस ‘मी संपलो’ असे म्हणतो. वास्तविक संपलेला असतो तो व्यापार. तरीही त्याचे दुःख खोटे नसते. या दुःखाचे मर्म अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात उलगडले. जाणणारा ‘मी’ आणि ‘माझे’ म्हणून जाणले जाणारे, असे ‘स्व’चे दोन पैलू त्यांनी दाखविले. दुसऱ्या पैलूत देह तर येतोच. शिवाय अंगावरचे कपडे, घरदार, बायकामुले, पूर्वज, लौकिक आणि बँकेतील शिल्लकही येते. हे वाढले की माणूस फुलतो, घटले की खचतो.

या यादीत कपड्यांचे स्थान देहाच्या अगदी लगत आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण आचार्य पूज्यपादांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ‘समाधितंत्र’ या १०५ श्लोकांच्या ग्रंथात वस्त्राचाच दाखला दिला, पण नेमका उलट हेतूने. अंगावर जाड वस्त्र आहे म्हणून शहाणा मनुष्य स्वतःला जाड समजत नाही. ते जीर्ण झाले, रंगविले गेले वा नष्ट झाले, तरी आपण जीर्ण झालो, रंगलो वा नष्ट झालो असे तो मानीत नाही. देहाविषयीही हाच न्याय लावावा, असे आचार्य सांगतात. जेम्स यांनी दुकानातील सर्व मालाची मोजदाद केली. पूज्यपादांनी त्यातला परका माल कोणता ते निवडून दाखविले. देहालाच आत्मा समजणारा तो बहिरात्मा, हा भेद ओळखणारा अंतरात्मा आणि कर्ममलापासून मुक्त झालेला परमात्मा.

‘भेदविज्ञान’ हा शब्द जड वाटतो, पण हिशेबाच्या वहीत तो रोज पाळला जातो. ताळेबंदात मालकाचे भांडवल देण्याच्या बाजूला लिहितात. कारण व्यवसाय निराळा आणि मालक निराळा. वाणिज्य शाखेच्या नवख्या विद्यार्थ्याला हे मोठे चमत्कारिक वाटते! वहीत हा भेद बिनचूक सांभाळणारा मालक रात्री अंथरुणावर मात्र सगळा तोटा स्वतःच्याच नावे टाकून तळमळतो.

येथवरची वाट त्या मानाने सोपी आहे. धन गेले, देह थकला, तरी ‘मी’ उरतो हे पटू शकते. स्मरणच गेले तर? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे मांडले की, मागच्या कृती आपल्या म्हणून जिथवर जाणिवेत येतात, तिथवरच व्यक्ती तीच असते. हे प्रमाण मानले, तर विस्मरणाच्या रोगाने ग्रासलेले वडीलधारे माणूस आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत चालले आहे, असेच म्हणावे लागेल.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांचे उदाहरण येथे विचार करावयास लावते. अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला आणि त्यानंतर नवीन घटना त्यांच्या ध्यानात राहीनात. २००८ साली निधन होईपर्यंत हीच स्थिती होती. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरविण्यास दिली. दिवसेंदिवस त्यांचा हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे याचे त्यांना स्मरण नसे. म्हणजे आठवण बसत नसतानाही शिकणे थांबले नव्हते. यावरून आत्मा सिद्ध झाला असे म्हणणे घाईचे होईल. हात बसणे हेही मेंदूचेच काम आहे. मात्र आठवण म्हणजेच संपूर्ण माणूस, हे समीकरण त्यामुळे निश्चितच डळमळते.

जैन दर्शनाची भूमिका अधिक सूक्ष्म आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त स्मृतीची गणना मतिज्ञानात केली आहे आणि जीवाचे लक्षण ‘उपयोग’, म्हणजे चैतन्याचा व्यापार, असे सांगितले आहे. ज्ञानावरण कर्माच्या क्षयोपशमानुसार मतिज्ञान कमीअधिक होते. पण ते पूर्ण झाकले जात नाही. निगोदातील जीवाचाही ज्ञानांश उघडाच राहतो, अन्यथा जीव आणि अजीव यांत अंतर उरले नसते. तेव्हा नातवाचे नाव विसरलेल्या आजोबांचे ज्ञान आवृत झाले आहे. जाणणारा गेलेला नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. ‘आता यांना काय कळतंय!’ हे वाक्य आजोबांसमोरच सर्रास उच्चारले जाते आणि त्यांच्या ताटापासून औषधापर्यंत सारे निर्णय त्यांना न विचारता घेतले जातात. जीवविचार व नवतत्त्व मुखोद्गत असलेल्या घरांतही हे घडावे, याचे आश्चर्य वाटते. काही घरांत मात्र सायंकाळच्या सामायिकास अशा वृद्धांना आवर्जून जवळ बसवितात. ४८ मिनिटांचे भान त्यांना नसते, पाठ मध्येच तुटतो, क्वचित ते शेजारी कोण बसले आहे असेही विचारतात. मुलगा आपले नाव सांगतो आणि पाठ पुढे सुरू करतो.