अपंग दांपत्य, रुग्णालय आणि अनुदान

पति-पत्नीच्या संसारास दोन चाकांच्या गाडीची उपमा देण्याची पद्धत जुनी आहे. एक चाक निखळलें तर दुसरें कांहीं काळ भार सोसतें, असें त्या उपमेंत गृहीत धरलेलें असतें. परंतु जेथें दोन्ही चाकें मुळांतच अधू आहेत, तेथें एकास दुरुस्तीसाठीं बाहेर न्यावें लागलें तर गाडीचें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

कल्पना करावी कीं, एरंडोल-पारोळ्याकडील एका खेड्यांत असें एक जोडपें राहत आहे. पति दोन्ही डोळ्यांनीं अंध. पत्नीचा एक पाय लहानपणींच पोलिओनें लुळा झालेला. ती त्याचे डोळे आणि तो तिचे पाय. ती वाट सांगते, तो पाण्याचा हंडा वाहून आणतो. तो सरपण आणून देतो, ती कळण्याची भाकरी भाजते. दोन अर्ध्यांचें मिळून एक पुरें घर चाललेलें असतें. एका पावसाळ्यांत ती ओट्यावरून घसरते, मांडीचें हाड मोडतें, आणि तिला सरकारी रुग्णालयांत न्यावें लागतें. जळगांव व धुळें यांमध्यें सुमारें ९० किलोमीटरांचें अंतर, खेडें मधोमध. कोठेंहि न्या, घर दूरच. आतां तो एकटा घरीं राहूं शकत नाहीं. तोहि शहरांत येतो आणि रुग्णालयाच्या ओट्यावर दिवस काढतो. तिच्या जेवणाची सोय होते, त्याची होत नाहीं. गाडीभाडें, चहापाणी, सोबत आलेल्या पुतण्याची बुडालेली मजुरी, हें सारें वेगळेंच. म्हणजे रुग्णालयांत एक माणूस गेल्यानें घरचा खर्च निम्मा होत नाहीं. उलट एका चुलीच्या दोन चुली होतात.

अशा वेळीं त्या दोघांच्या मनांत पहिली भीति ही येते कीं, ‘सरकार रुग्णालयांत पोशीत आहे, मग अनुदान बंद होईल काय?’ ही भीति अगदींच निराधार नाहीं. अन्य देशांत असे नियम झालेले आहेत.

इंग्लंडांत १९११ सालीं राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्यांत अपंगत्वाचें साहाय्य आठवड्यास ५ शिलिंग ठेविलें होतें. परंतु विमेदार रुग्णालयांत असेपर्यंत तें त्याच्या हातीं पडत नसे. मात्र त्याच कायद्यानें असेंहि सांगितलें होतें कीं, त्याच्यावर अवलंबून असणारीं माणसें असतील तर ती रक्कम त्यांच्यासाठीं खर्च करावी. घरीं राहिलेल्या माणसाची आठवण कायद्यानें ठेविली, ही त्यांतील शहाणपणाची गोष्ट होय. पुढें तेथें दीर्घकाळ रुग्णालयांत राहणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनांत कपात होऊं लागली. ती २००६ सालच्या एप्रिलमध्यें बंद झाली. प्रौढ अपंगांना परिचर्येसाठीं मिळणारा भत्ता मात्र सरकारी रुग्णालयांत २८ दिवस झाल्यावर आजहि थांबतो.

अमेरिकेंत १९७४ पासून गरीब वृद्ध व अपंगांसाठीं जी पूरक उत्पन्नाची योजना आहे, तींत दांपत्यास एका माणसाच्या दीडपट रक्कम मिळते, दुप्पट नव्हे. एक जण संपूर्ण महिनाभर रुग्णालयांत राहिला आणि निम्म्याहून अधिक खर्च सरकारी वैद्यकीय साहाय्यांतून झाला, तर त्याचा हप्ता महिना ३० डॉलरांवर येतो. मुक्काम ९० दिवसांहून अधिक होणार नाहीं असें डॉक्टरनें लिहून दिलें, आणि घर राखण्यासाठीं पैशाची जरूरी आहे हें वेळेवर दाखविलें, तर मात्र हप्ता पूर्ववत् चालूं राहतो.

आतां महाराष्ट्राकडे वळूं या. येथें निराधार अपंगांचा मुख्य आधार म्हणजे १९८० सालीं सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय १८ ते ६५, राज्यांत किमान १५ वर्षांचें वास्तव्य, उत्पन्नाची ठराविक मर्यादा आणि अपंगत्वाचें प्रमाणपत्र, या तिच्या ठळक अटी. अर्जदारानें किती रात्री स्वतःच्या घरीं काढल्या, हा प्रश्न या अटींत नाहीं. तात्पर्य, रुग्णालयांतील मुक्काम हा अनुदानाचा शत्रु नव्हे.

दांपत्याच्या बाबतींत मात्र येथेंहि एकेकाळीं दीडपटीचें गणित होतें. कुटुंबांत एक लाभार्थी असला तर महिना ६०० रुपये, आणि एकाहून अधिक असले तर सर्वांस मिळून ९०० रुपये. दोन अपंगांचें घर म्हणजे दीड अपंगाचें घर, असाच त्याचा अर्थ होई. २०१९ सालीं प्रत्येकास १००० रुपये देण्याचें ठरलें, आणि हा भेद गेला. २०२३ सालीं ती रक्कम १५०० झाली, आणि २०२५ सालच्या सप्टेंबरमध्यें अपंग लाभार्थ्यांसाठीं ती २५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. आतां पतीचें अनुदान पतीचें आणि पत्नीचें पत्नीचें.

उपचाराच्या खर्चाची योजना निराळी आहे. खानदेशचे १९०६ सालीं दोन जिल्हे झाले, आणि ही योजनाहि त्यांच्याकडे दोन पावलांनींच आली. राज्यांतील पहिल्या ८ जिल्ह्यांत धुळें होतें. तेथें ती २ जुलै २०१२ रोजीं सुरू झाली. जळगांवास ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजीं पोंचली. पूर्वीं तिचें नांव राजीव गांधींचें होतें. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. कुटुंबास वर्षास दीड लाखापर्यंत असलेलें तिचें संरक्षण आतां ५ लाखांपर्यंत गेलें आहे. ही रक्कम परस्पर रुग्णालयास जाते. ती रुग्णाची मिळकत नव्हे. योजनेंत बसणाऱ्या उपचारांत रुग्णाचें जेवण आणि घरीं परतण्याचें एस. टी. चें किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचें भाडेंहि धरलेलें आहे. हें पुष्कळांस माहीत नसतें, म्हणून तें मागितलेंहि जात नाहीं.

मग अनुदान अडतें कोठें? तें अडतें कागदापाशीं. वर्षांतून एकदां लाभार्थी हयात असल्याची खात्री पटवावी लागते. उत्पन्नाचा दाखला जुना झाला कीं नवा आणावा लागतो. पैसे काढतांना अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. जी बाई दोन महिने खाटेवर जखडून पडली आहे, ती तहसील कचेरींत उभी राहणार कशी? कचेरीच्या कागदावर ती केवळ ‘गैरहजर’ असते. कायद्यानें न तोडलेली गोष्ट अशा रीतीनें गैरहजेरीनें तुटूं शकते.

यावरील उपाय साधे आहेत. फक्त ते आरंभींच केले पाहिजेत. रुग्णालयांत दाखल होतांच शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटावें. दाखल झाल्याच्या कागदाची प्रत जोडून तहसील कचेरींतील संजय गांधी योजनेच्या शाखेस एक अर्ज द्यावा, आणि त्याची पोंच घ्यावी. पतीचें व पत्नीचें प्रकरण स्वतंत्र आहे, हें त्यांत स्पष्ट लिहावें, म्हणजे एकाच्या कागदांतील उणीव दुसऱ्याच्या हप्त्यास बाधणार नाहीं. खातेदार आजारामुळें सही करूं शकत नसेल, तर दोन साक्षीदारांनीं, आणि त्यांतील एक बँकेचा अधिकारी असावा, ओळखलेल्या अंगठ्यावर पैसे देण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सत्तरीपुढील आणि अपंग खातेदारांस घरपोंच सेवा देण्याविषयीं त्याच बँकेनें २०१७ सालच्या नोव्हेंबरमध्यें कळविलें आहे. शेवटीं, घरीं सोडतांना मिळालेलें कार्ड जपून ठेवावें. आजारानें अपंगत्व वाढलें असल्यास पुन्हा तपासणी करून टक्केवारी नव्यानें लिहून घ्यावी. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत बहुतेक सवलतींसाठीं ४० टक्क्यांची रेषा आंखलेली आहे, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे असण्यानें पुष्कळ फरक पडतो.

हें सर्व करावयाचें कोणीं? ज्याला दिसत नाहीं त्यानें अर्ज लिहावा, आणि जिला चालतां येत नाहीं तिनें तो कचेरींत नेऊन द्यावा, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. जळगांव-धुळ्याच्या पेठांतून व वसाहतींतून शिकलेलीं घरें थोडीं नाहींत. घरीं कामास येणारी बाई, गांवाकडचा वाटेकरी, दूरचा नातलग, यांपैकीं कोणाच्या तरी घरीं असें एक जोडपें असतेंच. त्यांना फळांची करंडी नेऊन देणें चांगलें. परंतु अर्ध्या तासांत एक अर्ज लिहून देणें आणि त्याची पोंच आणून त्यांच्या हातीं ठेवणें, हें त्याहून चांगलें. पोंच हातीं असली म्हणजे रुग्णालयाच्या ओट्यावर बसलेल्या त्या अंध माणसास एवढें तरी ठाऊक असतें, कीं ती बरी होऊन परत येईल तेव्हां घरांत पीठ असेल.