कोठीखालचा ओटा

रब्बीची मळणी उरकली की आपल्या जिल्ह्यात घरोघरी पत्र्याच्या कोठ्या भरल्या जातात. ज्वारी कडक वाळली का, कडुलिंबाचा पाला घातला का, झाकण घट्ट बसले का, हे सारे आपण बघतो. कोठी ज्या काँक्रीटच्या ओट्यावर उभी असते, त्याच्याकडे मात्र कुणी वाकून पाहत नाही. आज त्या ओट्याविषयीच बोलणार आहे.

पूर्वी आपल्याकडे पेवात धान्य ठेवीत. पेव खणताना जाणती माणसे काळी जमीन टाळून घट्ट, निचऱ्याचा मुरूम शोधत. धान्याचा खरा वैरी ओल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पेवे गेली, कोठ्या आल्या, पण वैरी तोच राहिला.

गोदाकाठची नेवासे-शेवगावकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ओट्याच्या कडेची माती लवकर भिजते, लवकर सुकते; मधली तशीच राहते. त्यामुळे एक बाजू उचलली जाते, दुसरी खचते. वर 20 क्विंटलची कोठी म्हणजे 2 टन वजन. मग ओटा तडकतो, कोठी कलते आणि तड्यातून ओल वर चढते. ज्वारी-गहू टिकायला दाण्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. तो वाढला की आधी तळाचे दाणे काळे पडतात.

नेवासे तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, कोठी बदलू का? खालची वीतभर ज्वारी दरसाल जाते." कोठी चांगली होती. मोरीचे पाणी ओट्याला लागून मुरत होते. मी म्हटले, "दादा, कोठी राहू द्या, मोरी बदला."

म्हणून पहिला नियम असा: आधी पाणी वळवा, मग सिमेंट आणा. पागोळीचे आणि मोरीचे पाणी ओट्यापासून दूर न्या. भोवती मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

दुसरे, तडा चालता आहे की थांबलेला, हे ओळखा. ओट्याच्या कडेला तड्यावर सिमेंटची पातळ पट्टी लावून तारीख लिहा. पावसाळ्याआधी लावलेली पट्टी दिवाळीपर्यंत अखंड राहिली, तर तडा थांबला असे समजा. तो छिन्नीने थोडा रुंद करा, तारेच्या ब्रशने साफ करा, भिजवा आणि एकास तीन सिमेंट-वाळूने भरा. सात दिवस पाणी मारा. पूर्ण सुकल्याशिवाय कोठी ठेवू नका. पट्टी फुटली असेल, तर तिथे सिमेंट टिकणार नाही. लवचीक राहणारे डांबरी मिश्रण भरा.

उंदरांची बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. गवंड्याची पाणसळ लावून ओटा सपाट आहे का, ते पाहा. फार कलला असेल तर डागडुजीवर पैसे घालवू नका. काळी काढून मुरमापर्यंत खोदा आणि नव्याने पाया घ्या.

हे काम कोठी रिकामी असतानाच होते. ती संधी वर्षातून एकदाच मिळते. जिरायती भागात वर्षाची भाकरी एकाच सुगीवर असते. म्हणून नवी ज्वारी ओतण्याआधी कोठी बाजूला सरकवा आणि ओटा एकदा झाडून बघा.